खुंटीवरची वेणी

काचीगुडा, १२ जुलै २०२४

वृषाली,

आशीर्वाद. घ्यायचा की ठेवून द्यायचा ते तू ठरव, मी माझा देऊन मोकळी.

पाकीट बघून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. बाबांचं ब्लडप्रेशर गोळीवर चाललंय आणि गोळी माझ्या ओरडण्यावर. फोन तू उचलत नाहीस, व्हॉट्सअ‍ॅपवर मला कुलूप घातलंयस, तेव्हा राहिलं पोस्ट. पत्ता बाबांनी दिला. त्यांच्यावर चिडू नकोस, मी दोन दिवस त्यांचा चष्मा लपवून ठेवला होता.

तुला मराठी वाचायला वेळ लागतो हे मी विसरलेले नाही. एकतीस वर्षं लोकांच्या पोरांना मराठी शिकवली आणि पोटची पोर एकेक अक्षर लावत वाचते, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि ओळी सुट्या ठेवल्यात. एका परीनं बरंच आहे. मेसेज अंगठ्यानं वर ढकलता येतो, हे तुला हळूहळूच वाचावं लागेल.

लिहायला कारण शांतामावशीचं. समोरच्या घरातली आपली शांता, तुला सातवीत गणिताला होती ती. तिचे केस हल्ली फार विरळ झालेत. भांग इतका रुंद झालाय की उन्हात गेली की डोक्याला चटका बसतो. बिचारी कित्येक वर्षं कुणाला बोलली नाही. शेवटी मीच तिला कोठीच्या बाजारात एका त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. श्रीवल्ली नाव. तुझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठी असेल, पण बोलते आजीसारखं.

तिनं शांताच्या डोक्यावरून दिव्याचं भिंग फिरवलं आणि समोरच्या पडद्यावर दाखवलं. एक केस जाड, त्याच्या शेजारी दोन सुतासारखे बारीक, मग परत एक जाड. मला वाटलं होतं तिथं ओसाड रान दिसेल. तर नाही, केस होते, पण रोडावलेले. डॉक्टर म्हणाली, "जड़ां मरे नैं अम्मा, बारीक हो गए." मुळं जिवंत असतात, फक्त दर खेपेला आधीपेक्षा बारीक आणि आखूड केस बाहेर टाकतात. बायकांचं हे भांगापासून दोन्हीकडे पसरत जातं, कपाळावरची रेघ बहुतेक तशीच राहते. पुरुषांसारखं गुळगुळीत टक्कल सहसा पडत नाही. हे ऐकून शांताला इतकं हलकं वाटलं की तिथल्या तिथं रडली. डॉक्टरनं तिला पाणी दिलं.

रक्त तपासायला सांगितलंय, थायरॉइड आणि लोह. म्हटलं तुला कळवावं, तुझ्याही उपयोगाचं आहे. तुझा भांग कसा आहे आता? उत्तर दिलं नाहीस तरी चालेल. खरं म्हणजे चालणार नाही, पण मी काय करणार आहे.

रविवारी तुमचा बापलेकीचा फोन असतो तेव्हा मी स्वयंपाकघरात भांडी घासते. पाण्याची धार बारीक ठेवते. तुझा आवाज येतो.

तुझी आई


काचीगुडा, ३० जुलै २०२४

वृषाली,

शांताचे रिपोर्ट आले. थायरॉइड ठीक, लोह जरा कमी. मी म्हटलं, चला, कारण सापडलं, पालक खाऊ. तर डॉक्टर म्हणाली, लोह कमी असेल तर केस गळतील, त्याच्या गोळ्या देते, पण भांगाची ही तऱ्हा त्याची नव्हे. ही घराण्यातून येते. आईकडून येते, बापाकडूनही येते, कधी दोघांकडून थोडी थोडी. एका बहिणीला येते आणि दुसरीला नाही. कुणाला विशीतच दिसायला लागते, कुणाला पाळी गेल्यावर.

मग शांताच्या वतीनं मी सगळे प्रश्न विचारले. ती भित्री आहे. मी घरून कागदावर लिहूनच नेले होते. पार्लरमधली इस्त्री? स्कूटरवरचं हेल्मेट? बोअरचं खारं पाणी? तेल न लावणं? ऑफिसची जागरणं? डॉक्टर प्रत्येकाला मान हलवत गेली. इस्त्रीनं केस कोरडे होतात, मधूनच तुटतात, पण मूळ रोडावत नाही. हेल्मेट तर म्हणाली घालाच, डोकं राहिलं तर केसांचं बघू.

शेवटचा प्रश्न मी कागदावर लिहिला नव्हता. विचारलं, लहानपणी मुलीचा दर उन्हाळ्यात गोटा केला असेल तर? ती हसली. "अम्मा, उस्तरा तो जड़ कू छूता भी नैं." वस्तऱ्यानं केस दाट होत नाहीत, विरळही होत नाहीत.

आणि कागद माझ्या हातातून घेऊन उलटा ठेवला. म्हणाली, "किसी की गलती नैं है ये. तुम्हारी भी नैं."

शांताला रिक्षात बसवून दिलं आणि मी कोठीपासून घरापर्यंत चालत आले. जुन्या पुस्तकांच्या ढिगांवरून, फुटपाथवरच्या चपलांवरून. गुडघा दुखतो म्हणून मी भाजीला चालत जात नाही हे तुला माहीत आहे. त्या दिवशी गुडघा कुठं होता कोण जाणे.

तेव्हा आता मुद्द्याचं. त्या संध्याकाळी, सुशीलाबाई आणि त्यांचा योगेश तुला बघून गेल्यावर, मी तुला म्हणाले की दिलसुखनगरच्या पार्लरमध्ये जाऊन तूच केसांची राखरांगोळी केलीस. ते मी मागे घेते. तू म्हणालीस की मीच चार उन्हाळे तुझा गोटा करून वाट लावली. ते तू मागे घे. म्हणजे फिट्टंफाट झाली. एवढंच तर होतं आपल्यात.

कळव.

तुझी आई


काचीगुडा, ९ ऑगस्ट २०२४

वृषाली,

काल संध्याकाळी शांता तरातरा आली, हातात फोन. तू तिला मेसेज केलास म्हणे. "मावशी, आईनं लिहिलंय, केस कसे आहेत आता? काळजी नको करू."

तू मला नाही, शांताला विचारलंस! पण ते जाऊ दे. शांतानं आमच्या हॉलच्या मधोमध उभं राहून अंबाडा सोडला. एकसष्ट वर्षांची बाई, केस कमरेच्या खाली. "बघ! हे विरळ? ही मी रडले? कधी गेले गं मी कोठीला?" बाबा पेपर घेऊन गॅलरीत निघून गेले. शांता बोलता बोलता थांबली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या वेणीकडे बघितलं, आणि एकदम खाली बसली. बराच वेळ आपला अंबाडा पुन्हा बांधत राहिली. जाताना फक्त एवढं म्हणाली, "पोरीला खरं लिही."

लिहिते.

ते केस माझे. डॉक्टरसमोर रडलेली मी. कागद माझा, प्रश्न माझे, शांताला रिक्षात बसवलं तेही खोटं. मी एकटीच गेले होते, एकटीच चालत आले.

माझा भांग तू दोन वर्षांची होतीस तेव्हापासून रुंदावतोय. तुझी नांदेडची आजी, माझी आई, डोक्यावरचा पदर कधी खाली येऊ द्यायची नाही, मी तिला धर्माची मोठी समजायचे. गेली तेव्हा तिला न्हाऊ घालताना पहिल्यांदा तिचं डोकं बघितलं आणि समजले की धर्म वगैरे काही नव्हतं. तिनं मला सांगितलं नाही. मीही तिच्याच वळणावर गेले.

कोठीला अंबाजीचं दुकान आहे, बांगड्या, कुंकू, रिबिनी. मागच्या खणात गंगावणं असतात, केसांना जोडायच्या खोट्या वेण्या. तेलुगू बायका दुकानात शिरून खणखणीत आवाजात सवरम मागतात, आपल्या केसांना लावून रंग जुळवून बघतात, शेजारणीला विचारतात, छान दिसतंय का. मी दुकान रिकामं होईपर्यंत बाहेर पावणेदोन तास उभी होते. शेवटी अंबाजीनंच विचारलं, "बाई, कुणाची वाट बघता?" मी म्हटलं, बहिणीसाठी पाहिजे. तेव्हा बहीण, आता शांता. खोटं बोलायला मला नेहमी दुसरी बाई लागते.

पंचवीस वर्षं झाली त्याला. सकाळी तुम्ही दोघं उठायच्या आत सहा पिना आणि एक काळी दोरी. अंघोळीला जाताना बाथरूमच्या खुंटीवर टॉवेलच्या आत; धुतली की दिवसभर तिथंच वाळत, तेवढा वेळ जुनी लावायची. नाकापेक्षा मोती जड म्हणतात तशी माझ्या स्वतःच्या केसांपेक्षा ती जाड होती, पण कुणी म्हणायचं, "बाईंची वेणी काय सुंदर आहे हो," की मी दिवसभर खूष. झाकली मूठ सव्वा लाखाची.

आता गोट्याचं. तीन वर्षांची झालीस तरी तुझं जावळ पातळ. मला वाटलं, माझ्यावरच गेली. खालच्या मजल्यावरच्या तेलुगू मुलींचे केस यादगिरीगुट्ट्याच्या नृसिंहाला दिले होते आणि नंतर दाट आले होते, निदान मला तसं वाटलं. पण आपल्या घरात मुलीचं डोकं करायचं म्हटलं असतं तर तुझ्या हैदराबादच्या आजीनं घर डोक्यावर घेतलं असतं. आपल्यात बाईचं डोकं भादरलं की त्याचा एकच अर्थ होता, आणि त्यांनी तो स्वतःच्या आत्याच्या डोक्यावर बघितला होता. म्हणून मी नवस रचला. म्हटलं, नृसिंहाला बोलले आहे, आता मोडता येत नाही. देवाचं नाव आल्यावर त्या गप्प झाल्या. मी देवाला काहीही बोलले नव्हते. चार उन्हाळे तुला त्या डोंगरावर नेलं. चंदन फासलेल्या डोक्यानं तू परत यायचीस, शाळेत पोरं "गुंडू, गुंडू" करून टपला मारायची आणि तू घरी येऊन माझ्याच मांडीत तोंड खुपसून रडायचीस. मी तुझ्या डोक्यावर हात फिरवून रोज बघायचे, खुंट दाट आलेत का.

म्हणजे मला पहिल्यापासून माहीत होतं. तुझ्या चोविसाव्या वर्षी तू आरशासमोर मला बोलावून भांग दाखवलास, "आई, हे काय व्हायलंय गं?" म्हणालीस, तेव्हा मला माहीत होतं काय होतंय आणि कुणाकडून आलंय. मी म्हणाले, तेल लावत जा.

गेल्या वर्षीची पाच मार्च. सुशीलाबाई सोफ्यावर, योगेश त्यांच्या शेजारी, तू पोह्यांच्या बश्या ठेवायला वाकलीस. सुशीलाबाई म्हणाल्या, "पोरीचा भांग लई रुंद दिसायलाय. तुमच्याकडं कुणाला हाय का असं?" साधा प्रश्न होता. आता वाटतं, वाईटपणानं विचारलाही नसेल. मी वेणी खांद्यावरून पुढे घेतली. म्हणाले, "आमच्याकडं कुणालाच नाही. ही बघा माझी, साठीला आले तरी." तू उठून माझ्या मागे आलीस आणि मानेवर हात ठेवलास. मला वाटलं मला गप्प करतेस. खांदा उडवून मी तुझा हात झटकला आणि म्हणाले, "हिनंच पार्लरमध्ये जाऊन जाळून घेतलेत."

त्यावर तू सगळ्यांसमोर म्हणालीस की मला हे लग्न करायचं नाही. मी दीड वर्ष लोकांना सांगत आले की पोरीनं माझी लाज घालवली.

खोट्या वेणीची साक्ष काढून मी तुला खोटी पाडली. पार्लरचं आणि गोट्याचं देणंघेणं मिटवायला निघाले होते मी मागच्या पत्रात, कारण हे लिहायचं नव्हतं. केसाला कुणाचा दोष नाही असं डॉक्टर म्हणाली. पण डॉक्टरला मी ही गोष्ट सांगितली नव्हती.

तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. फक्त तू स्वतःला दोष देऊ नकोस. तुझे केस तू घालवले नाहीस. माझ्याकडून आलेत ते, तुझ्या नाकासारखे आणि तुझ्या रागासारखे.

आई


काचीगुडा, १४ ऑक्टोबर २०२४

वृषाली,

दोन महिने झाले, तुझं काही नाही. बाबांना विचारलं, पत्र पोचलं का. म्हणाले, "पोचलं असेल." या माणसाच्या पोटातून गोष्ट काढायची म्हणजे वाळू रगडून तेल काढणं. तरी मी लिहितेच. तुझ्यासाठी नाही तर माझ्यासाठी म्हण. नेमाचं व्रत पाळावं तसं झालंय मला.

औषध चालू आहे. पाण्यासारखं पातळ असतं, भांगावर लावून बोटानं जिरवायचं, रोज. तिसऱ्या आठवड्यात केस मुठीमुठीनं हातात यायला लागले. माझी पाचावर धारण बसली. तशीच रिक्षा करून कोठीला गेले आणि डॉक्टरच्या टेबलावर केसांची पुडी ठेवली. ती म्हणाली, जुने बारीक केस नव्यांना जागा करून देतात, महिनाभरात थांबेल. खरंच थांबलं. फरक दिसायला पाच-सहा महिने, आणि सोडलं की पुन्हा मूळपदावर. सगळे येणार नाहीत, आहेत ते टिकतील आणि थोडे जाड होतील. मी म्हटलं, एवढं पुष्कळ आहे. तुला कुणी हे औषध दिलं तर एक लक्षात ठेव, मूल होण्याचा विचार असेल तेव्हा आधी डॉक्टरला विचारायचं. आता नाक मुरडू नकोस, मी लग्नाचं बोललेले नाही.

कानांच्या वर मात्र दोन्हीकडे नुसती कातडी दिसते. ते दाखवलं तर डॉक्टरनं विचारलं, काही जड बांधत होतात का? मी गंगावणाचं सांगितलं. पंचवीस वर्षं त्या पिनांनी तेच केस ओढले होते. ती म्हणाली, "ये वाला आपका है अम्मा." दोघी हसलो. एवढा एक दोष पदरात पडला तो मी आनंदानं घेतला.

गंगावण काढून ठेवलं. बतुकम्माला खालच्या अंगणात बायका फुलांची रास रचून टाळ्या वाजवत फेर धरत होत्या, मी दर वर्षी जाते. या वेळी माझे होते नव्हते तेवढे केस घेऊन अंबाडा घातला. सुपारीएवढा. जिन्यात तीनदा थांबले. अंगणात पाऊल टाकलं तर खालच्या मजल्यावरची अक्का म्हणाली, "एम अक्का, सवरम पेट्टुकोलेदा?" आज गंगावण नाही घातलंत? छत्री विसरलात का विचारावं तसं. आणि लगेच, तुमच्याकडची झेंडूची पाटी आणा, फुलं कमी पडतात. मी पंचवीस वर्षं जिवापाड जपलेलं गुपित, आणि तिला झेंडूची पडली होती.

त्या रात्री मी फेरात इतकी नाचले की दुसऱ्या दिवशी पाय सुजले. काय सांगू तुला, वारा डोक्याला लागतो! नुसता वारा. मला आठवतच नव्हतं.

बाबांसमोर रोज तोच सुपारीएवढा अंबाडा घेऊन वावरते. एक शब्द नाही. या माणसाला काही दिसत कसं नाही?

आई


बंगळूर, १० नोव्हेंबर

आई,

मराठीत लिहायलेय, चुका काढू नको. तुझं ऑगस्टचं पत्र वाचायला मला दीड तास लागला. मग आणखी एकदा वाचलं. उत्तर लिहायला तीन महिने लागले कारण दर वेळेस दोन ओळी लिहून मी फाडायची.

मला माहीत होतं.

सहावीत असताना एकदा माझ्या डोळ्यात साबण गेला आणि मी टॉवेल ओढला तर खुंटीवर वेणी. मी ओरडले. तू मार्केटला गेली होतीस. बाबा धावत आले. त्यांनी ती परत टांगली, टॉवेल नीट घातला आणि मला म्हणाले, "बेटा, आईला कळू द्यायचं नाही की आपल्याला कळलंय." तेव्हापासून बाथरूममध्ये कुणी पाहुणा जायच्या आधी बाबा किंवा मी जाऊन टॉवेल सरळ करायचो. पंधरा वर्षं. तुला कधी कळलं नाही ना? आम्ही पण काही कमी नाही.

इथं २०२३ मध्येच मी डॉक्टरकडं गेले. तिनं विचारलं घरात कुणाला आहे का. मी म्हटलं हौ, आईला. ती म्हणाली, आईनं सांगितलं? मी म्हटलं नाही, पण आहे. मी पण तेच औषध लावते. माझा भांग आता बरा आहे. गोट्यानं काही होत नाही हे पण तेव्हाच कळलं होतं. तरी मी तुला फोन करून सांगितलं नाही. वाटलं, झुरू दे थोडी. त्याचं सॉरी.

आता ऐक. त्या दिवशी तू वेणी पुढं घेतलीस तेव्हा वरची पिन निघाली होती. एका बाजूनं सगळं खाली यायला लागलं होतं. मी समोरून बघितलं, म्हणून उठले. मानेवर हात ठेवला तो तुला गप्प करायला नाही आई. मी धरून ठेवली होती. तू झटकलास तरी मी सोडली नाही, पिन आत खोचली आणि मगच बाजूला झाले. मग तू ते पार्लरचं बोललीस.

मला त्या वेळी सांगता आलं असतं सगळ्यांना. नाही सांगितलं. रात्री भांडताना पण तोंडात आलं होतं. म्हणून गोट्याचं बोलले, काहीतरी बोलायला पाहिजे होतं ना. आणि घरात राहिले असते तर एक दिवस बोलून टाकलं असतं, म्हणून इकडं आले.

तू स्वतः सांगशील याची वाट बघायलते. बास.

शनिवारी, सात डिसेंबरला येतेय. सकाळच्या गाडीनं, काचीगुड्याला. बाबांना सांगू नको, सरप्राइज आहे.

वृषाली


काचीगुडा, २० नोव्हेंबर २०२४

वृषाली,

चुका अकरा आहेत. काढणार नाही.

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानं वाचलं, मग ओट्याशी खाली बसले. कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या माहीत नाही, डाळीचा लगदा झाला. बाबांनी तो मुकाट्यानं खाल्ला. जेवताना मी विचारलं, "तुम्हाला माझ्या वेणीचं माहीत होतं?" ते म्हणाले, "तू बाथरूममधून निघायच्या वेळी मी इकडे खोकतो, तो काय घसा धरलाय म्हणून? मी बाहेर आहे हे कळून तू वेणी लावूनच यावंस म्हणून." पंचवीस वर्षं मी त्या खोकल्यावर आल्याचा काढा पाजतेय! मी संतापले, मग हसायला लागले, मग तेही, आणि मग मी जे रडले ते त्यांनी वाटी बाजूला करून माझा हात धरेपर्यंत. सरप्राइजचं सांगितलं नाही. पण त्यांनी आज सकाळपासून तुझी खोली झाडायला घेतलीय, तेव्हा तू त्यांनाही कळवलं असशील. तुम्ही दोघं एकमेकांशी काय काय ठरवता देव जाणे.

मी त्या दिवसाचा तुझा हात पावणेदोन वर्षांत शंभर वेळा आठवला असेल. दर वेळी रागानं. माझ्या मानेवरून मी तो झटकला आणि तू तरी पिन खोचलीस. माझी वेणी सांभाळत तू माझं बोलणं ऐकून घेतलंस. मी तुझी आई आहे खरी, पण त्या खोलीत आई तू होतीस.

माफी कशी मागतात ते मला नीट येत नाही. शाळेत मी मुलांकडून दहा वेळा लिहून घ्यायचे. एकदाच लिहिते, पण शाईनं. चुकले मी.

गंगावण अंबाजीला परत नेऊन दिलं. घेईना, म्हणाला वापरलेलं घेत नाही बाई. मग ओळखून विचारलं, "बहिणीला आवडलं नाही का?" मी म्हटलं, बहीण नव्हतीच. त्यानं मान हलवली, जसं त्याला तेही पंचवीस वर्षांपूर्वीच कळलं होतं. शेवटी खालच्या अक्काला दिलं, तिच्या नातीच्या नाचाला उपयोगी पडेल.

डॉक्टरनं परवा पडद्यावर पुन्हा दाखवलं. भांगाच्या कडेला नवे केस आहेत, चिमुकले, मोजण्याइतके. मी मोजायला लागले तर ती म्हणाली घरी जाऊन मोजा अम्मा, बाहेर पेशंट आहेत. तू आलीस की तुझा भांग मला दाखव, मी माझा दाखवते. नांदेडच्या आजीला कुणी दाखवलं नाही, तिनं कुणाला दाखवलं नाही. तेवढं आपण इथं थांबवू.

शनिवारी मी फलाटावर असेन. गर्दीत लांब वेणी शोधत बसू नकोस, सुपारीएवढ्या अंबाड्याची बाई शोध. मी पुढं तोंड करून उभी राहीन, तू मागून ये. आणि आलीस की मानेवर हात ठेव. आता तिथं सावरण्यासारखं काही नाही. तरी ठेव.

तुझी आई